बारदानांवरचं जग

परवा आमच्या कॉलेजात सरांची शोकसभा झाली आणि तिथं त्यांच्या फोटोला शाल घातली. हार ठीक आहे, गेलेल्या माणसाला हार घालतातच. पण शाल? ज्या माणसानं उभ्या नोकरीत एकदाही अंगावर शाल पडू दिली नाही, त्याचा फोटो खुर्चीत ठेवला, खुर्चीला शाल गुंडाळली, पुढं नारळ ठेवला आणि प्राचार्य म्हणाले, "सरांनी आपल्या महाविद्यालयाचं नाव सातासमुद्रापार नेलं." मागच्या फ्लेक्सवर पृथ्वीचा गोळा होता, गोळ्यावर सर होते आणि सरांच्या शेजारी, सरांपेक्षा मोठे, संस्थेचे अध्यक्ष होते. मी तिसऱ्या रांगेत दातओठ खात बसले होते. उठून बोलले मात्र काही नाही. न बोलायची सवय मला जुनी आहे. तिच्याविषयीच लिहायला बसले आहे.

कॉलेजचं नाव सांगत नाही. लोहाऱ्याहून लांब नाही, एवढं पुरे. सर तिथं राज्यशास्त्राचे विभागप्रमुख होते. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय ते शिकवत आणि मी त्यांची विद्यार्थिनी. पुढं त्याच विभागात मी तासिका तत्त्वावर लागले. म्हणजे दर वर्षी जूनमध्ये प्राचार्यांच्या दारात उभं राहायचं आणि यंदा ठेवताय का, असं तोंडानं न विचारता चेहऱ्यानं विचारायचं. मी कामावर हजर झाले त्याच दिवशी सरांनी मला 'अगं'चं 'अहो' केलं. मी म्हटलं, "सर, मी तुमची विद्यार्थिनी." तर म्हणाले, "काल होतात. आज चुकलात तर मी तुम्हाला मान देऊन झापणार." आणि झापायचेही तसेच, अगदी अदबीनं.

त्यांच्या विभागात नकाशे नव्हते, नेत्यांच्या तसबिरी नव्हत्या. भिंतीवर रिकामी बारदानं टांगलेली होती. आडत दुकानातून, किराणा दुकानाच्या मागून, खताच्या गोदामातून ते रिकामी पोती मागून आणायचे, घरी धुवायचे, सुतळीनं ओवून खिळ्याला अडकवायचे. कॅनडाचा वाटाणा, ऑस्ट्रेलियाचा हरभरा, म्यानमारची तूर, आफ्रिकेतल्या मलावीची तूर, जॉर्डनचं पोटॅश. कॉलेजची पोरं त्यांना 'गोणपाट सर' म्हणत. पहिल्या तासाला ते वर्गाला इथं आणून उभं करायचे आणि विचारायचे, "हे कुणी शिवलं? कुणी भरलं? ज्यानं भरलं त्यानं सकाळी काय खाल्लं होतं?" पोरं पोत्यांवरची अक्षरं वाचायला लागायची. मग म्हणायचे, "मलाही माहीत नाही. म्हणून आपण हा विषय शिकायचा."

पाहुणा म्हणून असला माणूस घरी बोलावणं म्हणजे संकटच. माझ्या चुलतबहिणीचं लग्न जळकोटला होतं. पंगतीत सरांनी वरणाचा भुरका मारला आणि काकांना विचारलं, "डाळ कुठली?" काका मिशीवर हात फिरवत म्हणाले, "घरच्या रानातली हाय, सर." सर पानावरून उठले, खरकट्या हातानं आचाऱ्याच्या तंबूत गेले आणि रिकामं पोतं घेऊन बाहेर आले. "म्यानमार!" सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले. काका त्यांना दोन वर्षं बोलले नाहीत. पण सरांना त्यात काकांची फजिती दिसलीच नव्हती. त्यांना खरंच आनंद झाला होता. एवढ्या लांबून डाळ आली आणि नवरीच्या पंगतीला लागली, यात लाजायचं काय, असं ते मला परत परत विचारत राहिले.

चिडले की ते शिवी द्यायचे नाहीत. त्यांची एकच शिवी होती, 'सत्कारमूर्ती'. पेपर न तपासता गुण देणारा प्राध्यापक सत्कारमूर्ती. दुसऱ्याचा शोधनिबंध आपल्या नावावर छापणारा मोठा सत्कारमूर्ती. त्यांना कुणी शाल घालायला आलं की ती ते मधल्यामधे पकडायचे आणि घालणाऱ्याच्याच खांद्यावर टाकायचे. "थंडी तुम्हाला वाजत असंल, मला नाही." असं म्हणून खाली बसायचे. अध्यक्षांनाही त्यांनी एकदा तशी शाल घातली होती. त्यानंतर सरांचा सत्कार कुणी ठेवला नाही.

आता आमच्याकडच्या आंतरराष्ट्रीय परिषदांविषयी सांगते. मूल्यांकन समिती येणार म्हटलं की कॉलेजला अचानक जग आठवतं. राष्ट्रीय परिषदेपेक्षा आंतरराष्ट्रीय परिषदेला जास्त गुण. आंतरराष्ट्रीय व्हायला परदेशातला एक माणूस लागतो. बास, एकच लागतो. बाकी सगळं तेच. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, सत्कार, पुन्हा सत्कार, जेवण, प्रमाणपत्र. शोधनिबंध कुणी वाचत नाही आणि कुणी ऐकत नाही, पण पुस्तकात छापून येतो. आमच्या पहिल्या परिषदेला प्राचार्यांनी आपल्या साडूचा मुलगा उभा केला. तो दुबईत क्रेन चालवायचा. पत्रिकेत त्याच्या नावापुढं लिहिलं, 'आखाती देशांचे अभ्यासक'. आम्ही सगळे स्टाफरूममध्ये तोंडावर रुमाल धरून हसलो. सर मात्र हसले नाहीत.

तो पोरगा दुबईहून पडद्यावर आला. घाबरून कागदावरचं दोन मिनिटांचं इंग्रजी वाचलं आणि थांबला. सर उठून माइकपाशी गेले आणि मराठीत म्हणाले, "तुम्ही एका खोलीत किती जण राहता? पासपोर्ट कुणाकडं असतो? उन्हात काम कधी थांबवतात?" आणि पोरगा बोलायला लागला. पाकिस्तानी मुकादम, नेपाळी जोडीदार, केरळचा डॉक्टर, कोण आजारी पडलं तर कोण कुणाला उचलतं, सगळं सांगायला लागला. हॉलमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी कान देऊन ऐकत होतं. तेवढ्यात प्राचार्य पुढं येऊन म्हणाले, "विषयांतर होतंय." आणि पडदा बंद. सर स्टाफरूममध्ये आले ते तडक आमच्यापुढं उभे राहिले. "आजवर इथं एवढा एकच अभ्यासक आला," म्हणाले, "आणि तुम्ही त्याला हसलात. मॅडम, तुम्हीही हसलात." खरंच हसले होते मी.

मलावीच्या पोत्यावर तिथल्या एका शेतकरी संघाचा पत्ता छापलेला होता. सरांनी त्या पत्त्यावर पत्र टाकलं. उत्तर नाही. दुसरं टाकलं, त्यात माझा ईमेल दिला. कितीतरी महिन्यांनी उत्तर आलं ते संघाचं नाही, एका प्राथमिक शाळेतल्या बाईंचं. त्या शिकवायच्या आणि तूरही करायच्या. गावातल्या बायकांचा एक गट होता, तो मिळून तूर विकायचा. त्यांच्या भाषेत तुरीला 'नांदोलो' म्हणतात, एवढं कळल्यावर सर दोन दिवस वाटेत भेटेल त्याला नांदोलो, नांदोलो सांगत हिंडले. नंतर पत्रापत्री वाढली. सरांचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण त्याची त्यांना लाज नव्हती.

त्यातून त्यांना एक गोष्ट उमगली आणि ती ते फळ्यावर लिहून ठेवायचे. आपली तूर फुलात असते तेव्हा त्यांची पेरायची असते. तिकडचा पाऊस आपल्या दिवाळीनंतर सुरू होतो. आपलं पीक चांगलं आलं की त्यांची तूर कुणी विचारत नाही, आपलं गेलं की जहाजं तिकडं धावतात. म्हणजे तूर पेरावी की मका, हे त्या बायकांना ठरवायचं असतं तेव्हा त्याचं उत्तर इकडं लोहाऱ्याजवळच्या माकणीच्या रानात उभं असतं. "आणि मधल्या कुणालाही ते उत्तर त्यांना सांगायची गरज वाटत नाही," सर म्हणायचे. "व्यापाऱ्याला दोन्हीकडचं माहीत असतं. पेरणाऱ्याला कुठलंच नसतं."

सरांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. ऑक्टोबरात दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद ठरली. सर प्राचार्यांकडं गेले आणि त्यांनी एक तास मागितला. फक्त एक. तिकडच्या बायका आणि इकडचे शेतकरी समोरासमोर बोलतील, मधे सर भाषांतर करतील. विषयाचं नाव सुचवलं, 'तुमची तूर, आमची तूर'. प्राचार्य म्हणाले, "हा काय शेतकरी मेळावा आहे का, सर?" अखेर विषय ठरला, 'जागतिकीकरण आणि शाश्वत विकास: संधी व आव्हाने'. पण परदेशी पाहुणा आयता मिळत होता, म्हणून तास दिला. अकरा ते बारा. तिकडं सकाळचे साडेसात.

सरांनी माकणीचे आठ शेतकरी तयार केले. आठवडाभर रोज संध्याकाळी त्यांच्या गावी जाऊन सराव घेतला. प्रत्येकी एक प्रश्न. भाषण करायचं नाही, 'मला असं वाटतं' म्हणायचं नाही. त्यातले एक वयस्क गृहस्थ होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. ते म्हणाले, "पर सर, त्येंनी आमाला काय इचारलं तर?" सर म्हणाले, "त्यासाठीच तर चाललंय सगळं. तुम्ही खरं ते सांगायचं." एवढ्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. परिषदेला नवा शर्ट शिवून घेतला होता त्या माणसानं.

लॅपटॉप माझ्याकडं होता. अकराला बाई जोडल्या गेल्या. एका वर्गात बसल्या होत्या, मागं अकरा बायका, दोघींच्या मांडीवर पोरं. सगळ्या नटूनथटून आलेल्या. बाईंनी मला सांगितलं की नेटवर्क असलेली ही शाळा लांब आहे, बायका पहाटे चालायला लागल्या होत्या. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा. अध्यक्षसाहेब यायचे होते.

साहेब सव्वाबाराला आले. मग गीत, मग दिवे. मग सत्कार, आणि सत्काराचा सत्कार. बाई तिकडं बसून हसून मान हलवत होत्या, प्रत्येक टाळीला टाळी देत होत्या. त्यांना वाटत असेल, आता आपलं. शेवटी सूत्रसंचालक म्हणाला, "आता परदेशी पाहुण्यांचा सत्कार अध्यक्षसाहेबांच्या शुभहस्ते." पाहुण्या कुठं आहेत? लॅपटॉपमध्ये. मग साहेबांनी लॅपटॉपचा सत्कार केला. होय, लॅपटॉपला शाल घातली, पडद्यावरून खाली, पार झाकून टाकलं. वर हार घातला. आणि फोटोसाठी थांबायचं म्हणून हातातला नारळ ठेवला, कुठं, तर कळफलकावर. कॉल तुटला. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, अजून एक." आणि तशा मेलेल्या लॅपटॉपबरोबर सगळे हसत उभे राहिले. पुढच्या रांगेत सर उठून उभे होते. "काढा ते," ओरडले, "अहो, माणसं आहेत त्याच्याखाली!" लोकांना तो विनोद वाटला.

पुन्हा जोडायला मला दहा मिनिटं लागली. तोवर साहेबांचं अध्यक्षीय भाषण सुरू झालं होतं, कारण त्यांना कुणाच्या वास्तुशांतीला जायचं होतं. तेव्हा समारोप आधी, पाहुणे नंतर. पाऊण तास ते जगावर बोलले. जगातला एकही देश त्यांनी सोडला नाही, मलावी सोडून. दोन वाजायला आले. मागं भाताचा वास सुटला आणि साहेब उठले. लगेच आभार सुरू झाले.

बाईंना मराठी येत नव्हती. बोलणारा बदलला एवढंच त्यांना कळलं असावं. आपलं नाव आभारात ऐकलं आणि त्यांना वाटलं, बोलावलं. त्यांनी घसा साफ केला आणि स्पीकरमधून त्यांचा आवाज सगळ्या हॉलभर आला. त्यांनी नमस्कार केला आणि इंग्रजीत एवढंच म्हणाल्या, आमच्या गावातून तुमच्या गावाला. मागं कोंबडं आरवलं. हॉलमध्ये हशा झाला. प्राचार्य माझ्या कानाशी वाकले. "मॅडम, आवाज बंद करा. साहेब उठलेत. पुढच्या जूनमध्येही इथं राहायचंय ना?"

मी आवाज बंद केला.

पडद्यावर त्यांचे ओठ हलत राहिले. कुणीतरी प्रोजेक्टर आभाराच्या चित्राकडं वळवला, आता त्या फक्त माझ्यासमोर होत्या. ओठ थांबले. मग त्यांनी वाकून लिहायला सुरुवात केली आणि माझ्या लॅपटॉपवर एकेक ओळ उमटली. आवाज येतो का? आम्ही समजू शकतो, तुमचा मोठा कार्यक्रम आहे. फक्त एक प्रश्न. यंदा तुमची तूर कशी आहे? आमच्याकडं नांदोलोचंही बी आहे आणि मक्याचंही. पाऊस जवळ आलाय. तुमचं पीक चांगलं असेल तर आम्ही मका पेरू.

राष्ट्रगीत लागलं. मी ताठ उभी राहिले, डोळे त्या ओळींवर. संपल्यावर लॅपटॉप मिटला. उत्तराला किती वेळ लागतो? एक ओळ. पाच पावलांवर आठ माणसं ते उत्तर घेऊन बसली होती. मी त्यांना विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कळलं असतं की बाई अजून जोडलेल्या होत्या आणि त्यांचा आवाज मीच बंद केला होता.

सर वही घेऊन व्यासपीठावर आले. "लावा परत."

"नेटवर्क गेलं, सर."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मिटलेल्या लॅपटॉपकडं पाहिलं. आता हा माणूस मला सत्कारमूर्ती म्हणणार म्हणून मी वाट पाहत होते, खरं सांगते, म्हणावं असं मला वाटत होतं. त्यांनी नवीन शर्टाच्या खिशाला पेन अडकवलं, मागं वळले आणि शेतकऱ्यांना म्हणाले, "टॉवर गेला."

त्यानंतर दोन महिने त्यांनी कॉलेजात त्या टॉवरचा उद्धार केला. स्टाफ मीटिंगमध्ये मोबाइल कंपनीवर बोलले. प्राचार्यांनाही सुनावलं, पण शाल आणि नारळावरून. माझ्याविषयी अवाक्षर नाही. बाईंना त्यांनी माझ्याच ईमेलवरून दोनदा माफी लिहिली. उत्तर आलं नाही. मी त्या मेलखाली ती एक ओळ अजूनही लिहू शकले असते. रोज उद्यावर ढकलत गेले आणि तिकडं पाऊस पडून गेला असणार. कॉलेजला गुण मिळाले. यथावकाश मी कायम झाले. सर निवृत्त झाले त्या दिवशी बारदानं भंगारात गेली.

परवा शोकसभेहून परत निघाले तर लोहाऱ्याच्या स्टँडवर तात्या भेटले. तेही शोकसभेला आले होते. मागच्या दारापाशी उभे होते, कुणी बसा म्हटलं नव्हतं. जीप भरायची होती. चहा घेता घेता ते म्हणाले, "मॅडम, सर लई मोटं मानूस व्हते ओ. तुमच्यासाटी खोटं बोलले."

मी कप खाली ठेवला. "तुम्हाला कसं कळलं?"

"आमी फुडंच बसलो व्हतो की. पिन्सिपल तुमच्या कानाला लागले, तुमी बोट दाबलं, बाईचा आवाज गेला. सर तिथंच मला म्हनले, तात्या, लेकरू कराराव हाय. कुनी बोलायचं न्हाय. टॉवर गेला म्हनायचं. आमी म्हनलो, टॉवर तर टॉवर."

त्या वेळी मला रडू आलं नाही. भयंकर राग आला. प्राचार्यांचा, साहेबांचा आहेच, त्यात नवीन काही नाही. सरांचा आला. सगळ्या दुनियेला झापणाऱ्या या माणसानं एकदा मला चारचौघांत झापायला हवं होतं. मग मी लॅपटॉप उघडला असता. पण त्यांनी माझी नोकरी वाचवली आणि मला गप्प बसायला मोकळं सोडलं. मी बसले.

"पर एक सांगा," तात्या म्हणाले, "त्या बाया काय इचारनार व्हत्या? तुमच्या म्होरं दिसत आसंल की."

मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. तूर की मका, तुमची तूर कशी आहे, सगळं.

जीपवाला ओरडला, "माकणी, माकणी." तात्या उठले नाहीत.

"आवो, त्या साली आमची तूर कुटं व्हती?" ते म्हणाले. "परतीच्या पावसानं रानात पानी तुंबलं अन् निम्मी तूर जागच्या जागी वाळली. आटी जनांचं त्येच. आमाला नुस्तं इचारलं आसतं, तर तूरच पेरा म्हनलो आसतो की ओ त्यास्नी. पेरा म्हनलो आसतो."